तिसऱ्या सिलिंडरचा अबोला

सहादू पगारेला डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नव्हतं, उजव्यानं जेमतेम येत होतं, आणि ही गोष्ट अख्ख्या नाशकात एकट्या त्याच्या बायकोला माहीत होती.

दुखणं घराण्यातलंच. वडील सावळीरामही पन्नाशीला टेकता टेकता असेच बहिरे झाले होते. कुणाला वडिलांकडून शेत मिळतं, कुणाला सोनं. आपल्या वाट्याला हे आलं, असं सहादू मनाशी म्हणायचा. पण वडील गवंडी होते, आणि गवंड्याचं ओळंब्यावर भागतं. मिस्त्रीचं तसं नाही. गाडी दारात उभी राहायच्या आत नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगतो तो खरा मिस्त्री, असं लोक मानतात. बहिऱ्या मिस्त्रीच्या हातात इंजिन कोण देणार?

एकलहऱ्याला थर्मल वीजकेंद्राच्या जीपा आणि ट्रक सांभाळण्यात सहादूची दहा वर्षं गेली होती. मग त्यानं इंदिरानगरात, जिथं तेव्हा घरांपेक्षा प्लॉटचे दगडच जास्त होते, दोन खोल्या बांधल्या आणि त्यांना लागून पत्र्याची शेड टाकली. गॅरेज चाललं. कान मात्र त्याच सुमाराला दगा द्यायला लागले.

त्यावर बायकोनं, शकुबाईनं, तोडगा काढला. गिऱ्हाईक आलं की ती तांदळाचं सूप घेऊन उंबऱ्यात येऊन बसायची आणि गिऱ्हाईक जे बोलेल ते सहादूकडं तोंड करून ठणठणीत आवाजात पुन्हा म्हणायची. "असं का? ब्रेक दाबला की उजवीकडं ओढते म्हणता?" सहादू मान हलवायचा आणि कामाला लागायचा. तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. गिऱ्हाइकांना एवढंच वाटायचं की मिस्त्रीची बायको फार चौकस आहे, आणि तिच्या घरचे तांदूळ कधी निवडून होत नाहीत.

पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये एका सकाळी दहाच्या सुमाराला एक पांढरी अँबॅसिडर आचके देत, ठेचकाळत सहादूच्या शेडपुढच्या लिंबाखाली येऊन उभी राहिली. सहादू तेव्हा एका टेम्पोच्या खाली पाठीवर पडलेला होता. त्यानं गाडीची फक्त चाकं पाहिली. टेम्पोचं काम अर्ध्यावर सोडण्यासारखं नव्हतं, तेव्हा तो खालूनच ओरडला, "बसा शेठ, तासाभरात येतो."

गाडीतून उतरलेले शेठ म्हणजे देवळ्याचे कांद्याचे व्यापारी गेणू आहेर. अंगानं आडवे, पांढराशुभ्र सदरा, आणि मिशा अशा की वरच्या ओठावरून उतरून खालच्या ओठाची विचारपूस करत होत्या. मागच्या सीटवरून त्यांची आई उतरली, कुसाबाई. सत्तरी ओलांडलेली, नऊवारी, कपाळावर हिरवं गोंदण, हातात कापडी पिशवी. इंदिरानगरातच तिची लेक दिली होती, तिच्याकडं निघाली होती मायलेकरं.

"मेलीनं भावडबारीच्या घाटापासनं हाडं खिळखिळी केली," कुसाबाईनं शकुबाईला पहिलं वाक्य हे ऐकवलं. "पाणी दे माय."

शकुबाईनं तिला आत नेलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. म्हातारीनं दोन्हींकडं नीट निरखून पाहिलं, खाली सतरंजीवर मांडी घातली आणि म्हणाली, "चहा टाकशील तं गोड टाक." मग दोघींच्या गप्पा जुंपल्या. लेकीच्या सासूपासून सुरू झाल्या आणि कांद्याच्या चाळीपर्यंत गेल्या. तांदळाचं सूप कोपऱ्यात पडून राहिलं.

त्यामुळं सहादू टेम्पोखालून निघाला तेव्हा उंबऱ्यात कुणीच नव्हतं.

गेणूशेठनी गाडीच्या डिकीतून एक खोकं काढून त्याच्यापुढं ठेवलं. खोक्यात जुने प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लगच्या वायरी आणि एक पेट्रोल पंप.

"पाच मिस्त्री झाले," गेणूशेठ म्हणाले. "ज्यानं त्यानं काहीतरी बदललं. मिसिंग काय जात नाय. चार सिलिंडरमधला एक मरतो, गाडी आचके देती. थंड असली की लोण्यावानी चालते. गरम झाली की खेळ सुरू."

सहादूला खोकं दिसलं, त्यावरून पाच मिस्त्रींचा अंदाज आला. 'मिसिंग' हा शब्द धंद्यातला, तो ओळखीनं कळला. पुढचं सगळं मिशांच्या मागं घडलं. तो माणसांचे ओठ वाचायचा, आणि इथं वाचायला ओठच नव्हते. त्यानं नजर घराच्या दाराकडं टाकली. दार रिकामं.

"कधी होतं हे?" त्यानं विचारलं.

"सांगितलं ना. गरम झाल्यावर."

सहादूनं मिशांची हालचाल पाहिली, उजव्या कानात शिरलेला तुकडा तिला जोडला, आणि त्याची बेरीज झाली 'घरी आल्यावर'.

"घरी आल्यावर बंदच करायची ना मग," तो म्हणाला.

गेणूशेठना वाटलं, मिस्त्री गमत्या दिसतोय. ते हसले. सहादूही हसला. आणि बॉनेट उघडलं.

गाडी एव्हाना तासभर सावलीत उभी राहून गार झाली होती. सहादूनं ती चालू केली आणि डावा तळवा मडगार्डवर टेकवला. कान गेल्यापासून तो असंच ऐकायचा. इंजिनाची थरथर तळहातातून मनगटात, मनगटातून कोपरापर्यंत यायची, आणि एखादा ठोका चुकला तर तो कोपरात कळायचा. आता एकही चुकत नव्हता. त्यानं वर्तमानपत्राचा एक तुकडा फाडून सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. कागद एका लयीत फडफडत राहिला. मग पकडीनं एकेका प्लगची वायर काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन लंगडलं. दुसरी काढली, लंगडलं. तिसरी, चौथी, तेच. म्हणजे चारही सिलिंडर इमानानं राबत होते. ठिणगी निळी, चांगली चटकदार. कोपऱ्यापर्यंत गाडी नेऊन आणली. लोणी.

त्यानं चावी फिरवून गाडी बंद केली आणि हात पुसत म्हणाला, "शेठ, गाडीत काही दोष नाही."

गेणूशेठचा चेहरा आधी उतरला आणि मग चढला.

"दोष नाय? मग मी काय येडा हाय का? देवळ्यापासनं इथवर आचके खात आलो तो काय हौसेनं? लय नाव ऐकलं तुमचं म्हणून गाडी इकडं वळवली. तुम्ही तं ऐकूनबी घेत नाय!"

यातलं शेवटचं वाक्य आवाज चढल्यामुळं सहादूला स्वच्छ ऐकू आलं, आणि ते नेमकं वर्मी लागलं. 

आरडाओरडा ऐकून दोघी बाहेर आल्या. शकुबाईच्या हातात कपबशा होत्या. तिनं रिकामा उंबरा पाहिला, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि काय झालं असेल ते तिला कळून चुकलं. कुसाबाई मात्र सरळ सहादूच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. क्षणभर तिनं त्याच्या डोळ्यांकडं पाहिलं. ते डोळे तिच्या तोंडावर खिळले होते.

"भाऊ," ती म्हणाली, "तुले कमी ऐकू येस ना?"

 टेम्पोवाला बिडी ओढत बसला होता, त्यानं मान वळवली.

"माझा मालक असाच होता," कुसाबाई सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलायला लागली. "माणूस तोंडाकडं असा टक लावून बघायला लागला का मला कळतं. तीस वर्षं काढली मी तशा माणसासंगं. तू लपवू नको. लपवलं का माणसाला लोक येडा समजतात."

सहादूनं शकुबाईकडं पाहिलं. तीन वर्षांत अशा प्रसंगी ती कधी गप्प राहिली नव्हती. काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची. आज ती बोलली नाही. कपबशा घेऊन तशीच उभी राहिली. नाही म्हणायला सहादूची जीभ उचललीही होती. पण म्हातारीच्या नजरेत कीव नव्हती. 'भाकरी घेतोस का' असं विचारावं तितक्या सहज तिनं विचारलं होतं.

"येतं कमी, मावशी," तो म्हणाला. "डाव्यानं तर नाहीच. माणसाचे ओठ बघून समजून घेतो." मग गेणूशेठकडं वळून म्हणाला, "आणि शेठ, खरं सांगतो, तुमचे ओठ मला अजून दिसलेलेच नाहीत."

टेम्पोवाला फिसकन हसला. गेणूशेठ गोरेमोरे झाले. मग काय वाटलं कोण जाणे, दोन्ही हातांच्या बोटांनी त्यांनी मिशा वर धरल्या, मान पुढं काढली आणि दात दाखवत म्हणाले, "ग-र-म झाल्या-वर!"

"गरम!" सहादूनं कपाळावर हात मारला. "आणि मी गार गाडी तपासत बसलो."

शकुबाईला हसू आवरेना. कपातला चहा बशीत सांडला. म्हातारी तर पदर तोंडाला लावून हसत सुटली.

मग काम खऱ्या अर्थानं सुरू झालं. सहादूनं रेडिएटरच्या जाळीवर गोणपाट टाकलं, म्हणजे वारा लागायचा नाही, आणि गाडी चालू करून ठेवली. सगळ्यांनी चहा घेतला. पंधराएक मिनिटांनी मडगार्डवरचा त्याचा हात थबकला. कोपरात एक ठोका चुकला. मग आणखी एक. मग दर चौथा ठोका गळायला लागला. गोणपाट काढून त्यानं पुन्हा कागद सायलेन्सरशी धरला. मघाशी एका लयीत फडफडणारा कागद आता मध्येच उलटा ओढला जाऊन नळीच्या तोंडाला चिकटत होता.

"हे बघा शेठ," सहादू म्हणाला. "इंजिन श्वास सोडायच्या जागी ओढून घेतंय."

वायरींची परीक्षा पुन्हा झाली. पहिली काढली, इंजिन लंगडलं. दुसरी, लंगडलं. तिसरी काढली आणि काहीच फरक पडला नाही. मेलेल्याला आणखी काय मारणार? पण त्याच तिसऱ्या वायरीची ठिणगी मात्र निळी, चटकदार. सहादूनं गाडी बंद केली आणि ती गार व्हायच्या आत पुढून हँडल घालून हातानं फिरवायला लागला. एकदा हँडल नेटानं अडलं, दाब देऊन सुटलं. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तसंच. चौथ्यांदा हात रिकाम्या पोत्यात गेल्यासारखा सुळकन पुढं गेला.

"ठिणगी आहे, पेट्रोल आहे, दाब नाही," तो बोटांवर मोजत म्हणाला. आता त्याला बोलायची भीती वाटत नव्हती, त्यामुळं जरा जास्तच बोलत होता. "पाच जणांनी ठिणगीचं सामान बदललं, दुखणं भलतीकडंच आहे. तिसऱ्या सिलिंडरमधून दाब निसटतोय. रेडिएटरात बुडबुडे नाहीत, म्हणजे गॅस्केट शाबूत. निळा धूर नाही, म्हणजे रिंगाही बऱ्या असाव्यात. राहता राहिला व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची झडप. तो नीट मिटत नसणार."

"टॅपेट बघायचं कारण नाय," गेणूशेठ आता मिशा सावरून, तोंड समोर धरून बोलत होते. "व्हॉल्व्ह दाबून उघडणारे ते टॅपेट लय झ्याक हायेत. आवाजच नाय त्यांचा."

"आवाज होता की रे," कुसाबाई मध्येच म्हणाली. "तूच बंद करायला लावला."

गेणूशेठ चुळबुळले. सहादूनं म्हातारीकडं पाहिलं. तिनं तीच गोष्ट त्याच्याकडं तोंड करून पुन्हा सांगितली. गाडीच्या इंजिनाची आधी बारीक टकटक यायची. देवळ्याच्या बाजारात गाडी शिरली की लोक म्हणायचे, 'आला, गेणूचा टायपिस्ट आला.' व्याह्यांच्या दारातसुद्धा कुणीतरी तसं म्हणालं, आणि गेणूशेठना ते लागलं. त्यांनी एका गॅरेजात गाडी नेली आणि बजावलं, काय वाटेल ते कर, टकटक बंद झाली पाहिजे.

"कधीची गोष्ट?" सहादूनं विचारलं.

"पोळ्याच्या आधी आठ दिवस," गेणूशेठ म्हणाले.

"आणि मिसिंग?"

गेणूशेठनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, "पोळ्याच्या दिवशी सटाण्याला गेलतो. येताना पयल्यांदा झालं."

सहादूच्या डोक्यात आता काय ते पक्कं बसलं होतं, पण अंदाजावर इंजिन उघडणं त्याला पटत नसे. आठ टॅपेटांपैकी कुठलं जास्त आवळलं गेलंय हे आधी कान लावून ऐकायला हवं होतं. तो हातातल्या लांब स्क्रू-ड्रायव्हरकडं पाहत राहिला. तीन वर्षांत त्यानं तो या कामासाठी उचललाच नव्हता. मग तो बायकोकडं वळला.

"अगं, इकडं ये."

"मी?" शकुबाई म्हणाली.

"कान तुझा, बोट माझं. ये."

त्यानं गाडी पुन्हा चालू केली. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या वरच्या झाकणावर एका कडेला टेकवलं, आणि लाकडी मूठ शकुबाईच्या कानामागच्या हाडाशी. ती दचकून मागं सरली. "अगंबाई! आत कुणीतरी सुपारी फोडतंय."

"तीच टकटक, बाहेर येत नाही एवढंच. आता मी जागा बदलत जातो. फरक पडला की सांग."

एक. दोन. तीन. चार. प्रत्येक जागी ती मान हलवायची, "आहे... आहे." पाचव्या जागी तिनं कपाळाला आठ्या घातल्या. डोळे मिटले. मूठ कानाशी आणखी घट्ट धरली.

"इथं कुणी बोलत नाही," ती म्हणाली. "शेजारचे ऐकू येतात लांबून. हे गप्प आहे."

"नीट ऐक."

"अहो, नीटच ऐकतेय. बाकी सगळ्या जावा-जावा भांडतायत आणि ही एकटी अबोला धरून बसलीय."

पाचवं म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचाच धूर सोडणारा व्हॉल्व्ह. सहादूनं गाडी बंद केली, झाकण उतरवलं आणि फट मोजायच्या गेजची पातळ पत्ती पाचव्या टॅपेटखाली घालायला गेला. पत्ती शिरेना. त्याहून पातळ पत्ती घेतली. तीही शिरेना. फटच नव्हती.

"शेठ, रेल्वेच्या रुळांच्या सांध्यात फट का ठेवतात?"

"उन्हात लोखंड वाढतं म्हणून."

"मग हे काय वेगळं आहे? इंजिन तापलं की व्हॉल्व्हही वाढतो. त्याला वाढायला फट पाहिजे. ती टकटक म्हणजे फटीचा आवाज. तुमच्या त्या मिस्त्रीनं फट मिटवून आवाज घालवला. गार असेस्तोवर कसंबसं निभतं. तापला की वाढायला जागाच नाही. मग तो मिटायचा राहतो आणि दाब निसटतो. आणखी दोन-तीन महिने असेच गेले असते ना, तर व्हॉल्व्ह जळाला असता आणि अख्खं इंजिन सोडवावं लागलं असतं."

गेणूशेठ पत्तीकडं पाहत राहिले. पाच मिस्त्री, खोकंभर सामान, सात महिन्यांची कटकट, आणि कारण काय तर आपलाच हुकूम. त्यांना रागवायला कुणी उरलं नव्हतं.

"टकटक परत येणार म्हणजे?" त्यांनी हळूच विचारलं.

"येणार."

"बाजारात परत हसतील लोक."

"घाटात ढकलताना हसत होते त्यापेक्षा कमी हसतील," कुसाबाई म्हणाली.

सहादूनं नट ढिला केला, स्क्रू पाव फेऱ्याहून कमी मागं घेतला, पत्ती घालून ओढून पाहिली. लोण्यातून सुरी ओढावी तशी, किंचित धरून सुटली. बाकीची सातही तपासली. झाकण बसवलं. इतकंच काम. टेम्पोवाल्याला ते पाहून फसवल्यासारखं वाटलं. त्याला निदान अर्धं इंजिन बाहेर आलेलं पाहायचं होतं.

"आता विल्होळीच्या चढावर नेऊन बघू," सहादू म्हणाला. "पण चढावर गाडीत वजन पाहिजे. चला सगळे."

शकुबाई दाराला कडी घालून मागं कुसाबाईशेजारी बसली. गेणूशेठ पुढं. पांडवलेणीचा डोंगर मागं टाकून गाडी मुंबई रस्त्याला लागली तेव्हा तापमानाच्या काट्यानं गरमची खूण कधीच ओलांडली होती. समोर कोळशाचा एक ट्रक कण्हत कण्हत चढत होता. सहादूनं गिअर न बदलता पाय दाबला. गाडीनं अंग झाडलं नाही की दम टाकला नाही. ट्रकला वळसा घालून ती सरळ वर गेली.

"आयला," गेणूशेठ म्हणाले, आणि मागं आई बसलीय हे आठवून जीभ चावली.

वरती सहादूनं गाडी कडेला घेतली, पण इंजिन चालूच ठेवलं. खाली उन्हात द्राक्षांचे मांडव आणि त्यांच्यामधून गेलेली डांबरी सडक दिसत होती. गेणूशेठ कान देऊन ऐकत होते.

"येते टकटक," ते म्हणाले. "बारीक, पण येते. तुम्हाला नाय त्रास होत, मिस्त्री?"

"मला कशानं होणार?" सहादू म्हणाला. "मला ऐकूच येत नाही."

आपण हे असं मोठ्यानं, चार माणसांत बोललो आणि वर त्यावर हसलोसुद्धा, हे हसून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. मागं कुसाबाई शकुबाईच्या मांडीवर थापा मारत होती.

मायलेकरं लेकीकडं निघाली तेव्हा दुपार झाली होती. कुसाबाईनं पिशवीतून पातीच्या कांद्याच्या चार जुड्या आणि लेकीसाठी आणलेल्या खारवड्यांतल्या मूठभर काढून शकुबाईच्या ओटीत घातल्या. "लेकीला कमी पडल्या तं पडू दे," ती म्हणाली, "तिला गाडीतलं काय कळतंय."

दोघं जेवायला बसली. शकुबाई बराच वेळ कान चोळत होती. मग म्हणाली, "आत एवढं सगळं वाजत असतं, तुम्ही कधी सांगितलं नाही मला."

"तू कधी विचारलं नाहीस. तांदूळ निवडत होतीस."

"आता नाही निवडणार," ती म्हणाली. "मला ते कार्बोरेटरचंही दाखवा."

चारच्या सुमाराला एक अनोळखी माणूस स्कूटर ढकलत आला. घामाघूम होऊन त्यानं स्टँडवर लावली आणि आल्या आल्या तक्रार सांगायला लागला. सहादूनं हात वर करून त्याला थांबवलं. तो म्हणाला, "साहेब, मला ऐकू कमी येतं. समोर या आणि मोठ्यानं सांगा."

माणूस दोन पावलं पुढं आला, घाम पुसला आणि मोठ्यानं सांगायला लागला.